रॅप करताना आवाज दुसऱ्याचाच निघतोय? आधी हे तपासा

पुण्यात धनकवडीला माझी रेकॉर्डिंगची एक छोटी खोली आहे. पहिलं-दुसरं गाणं घेऊन येणाऱ्या पोरापोरींची तक्रार बहुतेक वेळा एकच असते: "दादा, स्वतःची स्टाईल सापडत नाही." त्यांना वाटतं खोट आवाजात आहे. म्हणून कुणी घसा खरवडून गातं, कुणी नाकातून, कुणी महागडा माईक घ्यायला निघालेलं असतं. आवाज सगळ्यात शेवटी तपासायचा. बिघाड बहुधा ओळीच्या शेवटच्या शब्दात नाहीतर श्वासाच्या जागेत सापडतो, आणि तो दुरुस्त करायला एक रुपया लागत नाही.

लक्षणं

मित्र गाणं ऐकून म्हणतो, "कडक भावा, सेम अमक्यासारखं!" आणि तुम्हाला ते कौतुक वाटतं.

दर गाण्यात तुमचा आवाज बदलतो, कारण त्या महिन्यात तुम्ही ऐकत असलेला कलाकार बदललेला असतो. घरी 'शाळा' आणि 'काळजी' व्यवस्थित म्हणणारा माणूस माईकसमोर 'ळ'चा 'ल' करतो. येता-जाता पीएमपीचा पास, पण गाण्यात परदेशी गाडी आणि बंदूक. मधे मधे 'स्कर्र' आणि 'येऽ', कशासाठी ते विचारलं तर उत्तर नाही. ऑटोट्यून (सूर आपोआप सरळ करणारं सॉफ्टवेअर) काढला की स्वतःलाच ऐकवत नाही. आणि सगळ्यात पक्कं लक्षण म्हणजे गाणं संपल्यावर खोलीत बसलेल्या कुणालाही त्यातली एक ओळ म्हणून दाखवता येत नाही.

ताडीवाला रोडवरून आलेल्या रॅपर एमसी स्टॅननं २०२३ मध्ये 'बिग बॉस' जिंकल्यावर पुण्यात ही साथ जोरात आली. त्यात त्याचा काय दोष? तो आपल्या वस्तीची भाषा घेऊन उभा राहिला. बाकीच्यांनी नेमकी तीच उचलली आणि आपल्या वस्तीची घरी ठेवली.

एक गोष्ट मात्र बिघाडात धरू नका. आवडत्या रॅपरचा व्हर्स (साधारण सोळा ओळींचा रॅपचा तुकडा) श्वासासकट पाठ करून म्हणणं हा रियाज आहे. शास्त्रीय गाणं शिकणारी पोरंही आधी गुरूची तान जशीच्या तशीच घेतात. रियाजाचं रेकॉर्डिंग फोनमध्ये राहू द्या, अपलोड करू नका, एवढंच.

पहिली तपासणी: व्हॉट्सॲपची व्हॉइस नोट

खर्च शून्य, वेळ पाच मिनिटं. जवळच्या मित्राला पाठवलेली एखादी लांब व्हॉइस नोट शोधा, शक्यतो चिडून पाठवलेली. ती ऐका. लगेच आपला व्हर्स ऐका. दोन्हीकडे एकच माणूस बोलतोय का?

हे आधी करायचं, कारण तुमची चाल तिथे आयती असते. कुठल्या शब्दावर तुम्ही जोर देता, कुठे थांबता, वाक्य कुठे अर्धवट सोडता, हे सगळं त्या नोटमध्ये आहे. मित्राला दाखवायला म्हणून तुम्ही ते केलेलं नसतं, म्हणून ते खरं असतं.

सदाशिव पेठेत झेरॉक्सच्या दुकानात कामाला असलेला एक पोरगा माझ्याकडे आला होता. गाण्यात मुंबईची गल्ली, मुंबईचं हिंदी, 'बंटाय' वगैरे सगळा माल. त्याच्या फोनमधली एक नोट लावायला सांगितली. त्यात तो मित्राला सांगत होता की मशीन परत अडकलंय, दुपारचा दीड वाजलाय, जेवण नाही, आणि हे एमपीएससीवाले सगळे उद्याचे साहेब नोट्स घेऊन रांगेत उभे आहेत. ऐकणारे सगळे हसले. त्याच्या गाण्यावर मघाशी कुणी हूं की चूं केलं नव्हतं.

पुण्यात शिकायला आलेल्यांना ही तपासणी जास्त लागू पडते. बीडचा, लातूरचा, सांगोल्याचा पोरगा इथे आला की दोन महिन्यांत बोली पेटीत ठेवून देतो, कारण कॉलेजात कुणीतरी हसलेलं असतं. रात्री आईला फोन लावला की ती आपोआप बाहेर येते. व्हर्स त्या फोनच्या भाषेत लिहून बघा. प्रमाण मराठीत रॅप होत नाही असं नाही. पेठेत वाढलेल्या एखाद्या मुलीनं तिरकस, शुद्ध, पाटीवरच्या भाषेत केलेला रॅप भारी वाटतो, कारण तिच्या घरी तसंच बोलतात.

दुसरी तपासणी: ओळीचा शेवटचा शब्द

कागद घ्या. सोळा ओळींचे फक्त शेवटचे शब्द खाली खाली लिहून काढा. मराठीत रॅप लिहिणारे नव्वद टक्के नवखे इथे अडकलेले असतात, हा माझा अंदाज आहे आणि मी त्यावर पैज लावायला तयार आहे.

कारण व्याकरणातलं आहे. आपलं क्रियापद वाक्याच्या शेवटी येतं. त्यामुळे सरळ वाक्य लिहिलं की यमक फुकटात मिळतं:

रात्रभर मी जागतो, बीटवरती धावतो
वैरी मला पाहतो, अन् जागेवर थांबतो

यात जुळतंय काय, तर मुख्यतः 'तो'. जाग, धाव, पाह, थांब या चार धातूंत एका 'आ'पलीकडे आवाजाच्या दृष्टीनं जुळणारं काही नाही. प्रत्यय जुळला म्हणून कान फसतो, पण लक्षात काहीच राहत नाही. आणि हे प्रत्यय सगळ्यांकडे सारखेच असल्यामुळे सगळ्यांचे व्हर्स सारखे वाटतात. हिंदीत लिहिणाऱ्यांचं 'है'वर हेच होतं.

उपाय असा: ओळ वस्तूवर संपवा. नाम, गावाचं नाव, आकडा, कसलाही ठोस शब्द चालेल. क्रियापद आत ढकला. बोलताना आपण हे करतोच, "आला का तुझा पेपर?" असंच विचारतो. झेरॉक्सवाल्यानं आपल्याच व्हॉइस नोटमधून या ओळी काढल्या (त्याला विचारून देतोय):

दुपारचा दीड, मशीन गरम, ट्रेमध्ये अडकला कागद
उद्याचे साहेब रांगेत उभे, रात्रभर आलेत जागत
दोन रुपये पान, उधारी बंद, पाटी वाचून तेच मागत

कागद, जागत, मागत. शेवटचं व्यंजन नीट जुळत नाही, एकीकडे 'द', दुसरीकडे 'त'. पण तिन्हीत 'आग' हा तुकडा आहे, आणि बीटवर (मागे वाजणाऱ्या तालावर) तोच ऐकू येतो. जागत आणि मागत ही क्रियापदाचीच रूपं आहेत हे कुणी हुशार म्हणेलच. आहेत, पण इथे यमक धातूपर्यंत पोचलंय. वहीत शुद्ध यमक शोधत बसलेल्यांना 'कागद'ला काही सापडलं नसतं. मोठ्यानं म्हणणाऱ्याला सापडतं.

यादीत चारपेक्षा जास्त ओळी तो, ते, आहे, नाही यांच्यावर संपत असतील तर पुढच्या तपासण्या आज करू नका. आधी हे निस्तरा.

तिसरी तपासणी: नाव झाकून वाचा

व्हर्स दुसऱ्याच्या हातात द्या. त्यावर तुमचं नाव नको. हाच मजकूर नागपूरच्या किंवा नाशिकच्या कुठल्याही रॅपरनं एक शब्द न बदलता म्हटला तर चालेल का? चालत असेल तर त्या ओळी भाड्याच्या आहेत.

इथे लोक एक सोपी पळवाट काढतात. शनिवारवाडा, एफसी रोड, मिसळ असं पुणं ओळीत कोंबतात. ते पर्यटन खात्याचं पत्रक होतं. तुमच्या रोजच्या वाटेवर जे येतं ते लिहा: कात्रजच्या चौकात थांबलेली बस, मार्केट यार्डातला पहाटेचा लिलाव, अभ्यासिकेतली नंबर लावलेली खुर्ची. आणि ठिकाणांची नावंच हवी असतील तर या शहरानं देवांनाही काय नावं ठेवलीत ती बघा. खुन्या मुरलीधर, पासोड्या विठोबा, उपाशी विठोबा, भिकारदास मारुती, डुल्या मारुती. नुसती ओळीनं म्हटली तरी ताल धरतात. त्या गल्ल्यांतून रोज गाडी काढणारी पोरं मात्र गाण्यात न्यूयॉर्कचं ब्रुकलीन लिहितात.

चौथी तपासणी: श्वास कुठे आहे

इथून काम थोडं अवघड होतं, आणि माझ्या मते खरी स्टाईल इथेच असते.

साधारण बूम-बॅप (जुन्या हिप-हॉपच्या ढंगाची) बीट मिनिटाला नव्वद ठोक्यांची असते. एका बारमध्ये, म्हणजे रॅपच्या एका ओळीएवढ्या जागेत, चार ठोके; प्रत्येक ठोक्याचे चार भाग केले तर सोळा घरं. म्हणजे एक घर सेकंदाच्या सहाव्या भागाएवढं. आता वरची पहिली ओळ बोलल्याप्रमाणे मोजा. 'कागद' म्हणजे का-गद, दोनच. वृत्तात मोजतो तसं तीन नाही. दु-पार-चा-दीड चार, म-शीन-ग-रम चार, ट्रे-मध्-ये-अ-डक-ला-का-गद आठ. एकूण सोळा. दुसरी ओळही सोळाच भरते. घरं सोळा, अक्षरं सोळा, मोकळी जागा शून्य. पोरगा एका दमात म्हणायचा, आणि कुठल्याही फास्ट रॅपरची नक्कल वाटायची.

त्याला एकच बदल सांगितला. पहिल्या ओळीतून 'ट्रेमध्ये' काढ आणि त्याची तीन घरं रिकामी ठेव.

दुपारचा दीड, मशीन गरम (…) अडकला कागद

तीन घरं म्हणजे अर्धा सेकंद. तेवढ्यात ऐकणाऱ्याला गरम मशीन दिसतं, काय झालं असेल असं वाटतं, आणि मग कागद अडकतो. प्रत्यक्षात तो बोलतोही असाच. वाक्याच्या मधे थांबायची सवय त्याला आहे. व्हॉइस नोटमध्ये ती होती, गाण्यात भीतीनं भरून टाकली होती. नवख्याला शांततेची भीती वाटते, म्हणून तो सगळी घरं भरतो. आणि सगळी घरं भरली की सगळ्यांचा फ्लो (बीटवर शब्द टाकायची चाल) सारखाच होतो, कारण फरक पडायला जागाच उरत नाही.

स्वतःसाठी हे असं करा. वहीत सोळा चौकोन काढा, अक्षरं टाका, आणि प्रत्येक बारमध्ये निदान दोन चौकोन रिकामे ठेवायची सक्ती करा. कुठले दोन, हे बीटला विचारू नका. बोलताना जिथे थांबता तिथे.

मराठीत ही युक्ती जुनीच आहे. ज्ञानेश्वरीतल्या ओवीचे तीन चरण यमकात चालतात आणि चौथा आखूड पडतो. तो आखूडपणाच तिची ओळख. पुण्यातच हेमा राईरकर आणि गी पॉइटविन यांनी खेड्यापाड्यांतल्या बायकांच्या जात्यावरच्या लाखभर ओव्या गोळा केल्या आहेत, त्यातल्या काही ऐकून बघा. जात्याचा ताल एकच, तरी दर बाईचं थांबणं वेगळं. पोवाड्यात शाहीर दम घेतो तेव्हा मागचे झीलकरी 'जी जी जी' करून जागा सांभाळतात. तुमचे ॲडलिब्ज (ओळींच्या मधे मागून टाकलेले आवाज) त्याच कामाला लावा, श्वासाची जागा झाकायला. मग 'स्कर्र'ची गरज पडत नाही, मागून तुमचा मित्र "बरं मग?" म्हणाला तरी चालतं, आणि ते तुमचंच असतं.

पाचवी तपासणी: बीट

यूट्यूबवर 'अमुक टाईप बीट' शोधून घेतली असेल तर निम्मा दोष तिथे आहे. ती बीट त्या कलाकाराच्या फ्लोसाठीच बेतलेली असते. हाय-हॅट (ड्रममधली छोटी झांज) तीन-तीनच्या गटात वाजत असेल तर तुमची जीभही तीन-तीनच्या गटात पडणार. तिथे शिव्या जिभेला देऊन काय उपयोग?

तोच व्हर्स आधी नुसत्या टाळीवर म्हणा. मग सत्तरच्या आसपासच्या, नव्वदच्या आणि एकशेवीसच्या बीटवर. एकशेचाळीसची ट्रॅप बीट अर्ध्या चालीत सत्तरसारखीच लागते, त्यामुळे ती वेगळी मोजू नका. जो वेग तुमच्या बोलण्याला सगळ्यात कमी ताणतो तो तुमचा. सगळ्या बीट्सवर व्हर्स जसाच्या तसा बसत असेल तर तुम्ही बीट ऐकतच नाही आहात.

लिहिण्याच्या दिवसांत आवडत्या रॅपरची गाणी बंद ठेवा. कान रिकामा असला की हातात दुसऱ्याची चाल येत नाही.

सहावी तपासणी: यंत्रं

पैसे खर्च व्हायला इथून सुरुवात होते, म्हणून हे इतकं खाली आहे.

ब्लूटूथ इयरफोन लावून रेकॉर्ड करत असाल तर आधी ते काढा. त्यात आवाज उशिरा पोचतो, तुम्ही बीटच्या मागे पडता, आणि मग सावरायला जीभ घाई करते. साधा वायरवाला घ्या. माईक हातभर लांब असेल तर खोलीचा घुमारा जास्त येतो. अगदी ओठांना लावला तर आवाज नको इतका जाड होतो आणि 'प', 'फ', 'भ' फटाक्यासारखे फुटतात. वीतभर अंतर आणि पॉप फिल्टर (माईकपुढे लावायची जाळी) पुरतं. मागे रजई टांगा.

मग सगळे इफेक्ट बंद करून कोरडा आवाज ऐका. ऑटोट्यून वाईट नाही, पण तो गाण्याच्या पट्टीला लावलेला नसेल किंवा पूर्ण कसून लावला असेल तर तुमच्या बोलण्यातले चढउतार सपाट करतो, आणि ओळख त्या चढउतारांतच असते. एखाद्या कलाकाराच्या नावानं विकले जाणारे प्रीसेट (आवाजाची तयार सेटिंग्ज) तर घेऊच नका. त्याच्यासारखं वाटावं म्हणूनच ते बनवलेले असतात, मग तसं वाटतं म्हणून तक्रार कशाची करायची?

सातवी तपासणी: माणसं

मित्रांसमोर नको, ते हो म्हणतात. अनोळखी सात-आठ जणांसमोर, माईक न घेता, बीटशिवाय म्हणा. मंडळाच्या मांडवात, कॉलेजच्या कट्ट्यावर, सायफरमध्ये (रॅपर गोल करून आळीपाळीनं म्हणतात तिथे), कुठेही. दुसऱ्या दिवशी त्यातल्या एकाला विचारा, काय आठवतं? जी ओळ तो सांगेल, मोडकीतोडकी का होईना, ती तुमची. तिच्यात काय आहे ते बघा आणि पुढचं गाणं तिथून सुरू करा. याला महिने लागतात. इतर तपासण्या एका रविवारात उरकतात, ही नाही.

इथे थांबा आणि जाणकाराकडे जा

घसा: रॅप करताना दुखत असेल तर त्या क्षणी थांबा. खरखरीत आवाज हवा म्हणून गळा आवळून ओरडणाऱ्यांच्या स्वरतंतूंवर गाठी येऊ शकतात. घोगरेपणा तीन आठवड्यांपेक्षा जास्त टिकला तर कान-नाक-घशाच्या डॉक्टरकडे जा. ससून या सरकारी रुग्णालयातही हा विभाग आहे, पैशाचं निमित्त नको. थुंकीत रक्त दिसलं तर तीन आठवडे वाट बघायची नाही. घसा बधिर करणाऱ्या गोळ्या चघळून टेक पूर्ण करणं हा सगळ्यात मूर्खपणाचा प्रकार, कारण दुखणं कळत नाही आणि इजा चालूच राहते. गरज पडली तर डॉक्टर स्पीच थेरपिस्टकडे पाठवतील.

कागदपत्रं: बीटवर 'फ्री' लिहिलेलं असलं तरी बहुधा ते पैसे न कमावण्याच्या अटीवर असतं. गाणं स्ट्रीमिंगवर टाकण्याआधी लायसन्स वाचा. कुणी करार पुढे केला, त्यात 'सर्व हक्क', 'कायमस्वरूपी' असे शब्द असले, तर आधी वकिलाला दाखवा, सही मगच. तुमचे बोल लिहिल्या क्षणापासून तुमचे असतात, आणि कॉपीराइट कायद्यातल्या २०१२ च्या दुरुस्तीनंतर गीतकाराला रॉयल्टीतला आपला वाटा सहजासहजी लिहून देताही येत नाही. समोरचा तसं लिहून मागत असेल तर वकिलाची फी स्वस्तच पडेल.

मिक्स: कोरडा आवाज तुमचाच वाटतोय, ओळी लक्षात राहतायत, पण बीटसोबत शब्द बुडतात, तेव्हाच मिक्स करणाऱ्याला (आवाज आणि बीट नीट मिसळून देणाऱ्याला) पैसे द्या. मी स्वतः ते पैसे घेतो, तरी सांगतो, त्याआधी नाही. 'आर्टिस्ट डेव्हलपमेंट'ची पॅकेजं विकणाऱ्यांना तर अजिबात नाही. व्होकल आणि बीट वेगवेगळ्या वेव्ह फायलींत, दोन्ही शून्य सेकंदापासून सुरू होणाऱ्या, अशा द्या. सोबत 'अमक्यासारखं कर' म्हणून दुसऱ्याचं गाणं पाठवू नका, कारण आम्ही खरंच तसं करून देतो. नमुना द्यायचाच असेल तर ती व्हॉइस नोट पाठवा.